उत्कृष्ट प्रेक्षकाचा सत्कार

वर्तमानपत्रातली नोकरी संपल्यावर मी जिल्ह्यातल्या एका कॉलेजात पत्रकारितेच्या प्रमाणपत्र अभ्यासक्रमाचे तास घेऊ लागलो. तास थोडे होते. पण कॉलेजात माणूस मोकळा दिसला की त्याला समितीवर घेतात. मला क्रीडा प्रेक्षक प्रोत्साहन समितीवर घेतले. माझी पात्रता एवढीच, की बातमी छापून येईल. समितीत आणखी दोघे होते. मराठीचे विभागप्रमुख अध्यक्ष होते आणि कामे करायला क्रीडा संचालक.

समिती निघाली ती एका छायाचित्रामुळे. आदल्या वर्षी विभागीय आंतरमहाविद्यालयीन खो-खो स्पर्धा आमच्या कॉलेजाने भरवली होती. वार्षिक अहवालात तिचा फोटो आला. फोटोत मुली पळत होत्या आणि त्यांच्या मागे सिमेंटच्या पायऱ्या पूर्ण रिकाम्या होत्या. एका पायरीवर पाण्याचा जार आणि जाराशेजारी शिपाई. मूल्यमापनाला आलेल्या पाहुण्यांनी त्या फोटोवर बोट ठेवले. "विद्यार्थी कुठे आहेत?" असे त्यांनी विचारल्याचे मला सांगण्यात आले. विद्यार्थी बसमध्ये होते, हे सगळ्यांना माहीत होते. दुपारचे तास संपले की खेड्यावरची मुले स्टँडकडे जातात आणि गावातली मुले क्लासला. तरीही या वर्षी स्पर्धा पुन्हा आमच्याकडेच होती आणि पायऱ्या भरल्या पाहिजेत, असे प्राचार्यांनी सांगितले.

क्रीडा संचालकांना पायऱ्या भरायच्या होत्या, पण त्यांचे कारण वेगळे होते. मुलींच्या संघाची कर्णधार बी.ए.च्या दुसऱ्या वर्षाला होती. साखरा गावची. कोरडवाहू शेती करणाऱ्या घरातली. पळतीला, म्हणजे पाठलाग चुकवायला, तिच्यासारखी मुलगी आपण पाहिली नाही, असे संचालक म्हणत, आणि ते सहसा अशी वाक्ये बोलत नसत. तिच्या वडिलांनी तिला एक वर्ष दिले होते. विद्यापीठाच्या संघात निवड झाली तर शिबिराला आणि बाहेरगावच्या सामन्यांना पाठवतो. नाही झाली तर खेळ बंद, फक्त कॉलेज. मुलीने आणि संचालकांनी दोघांनी हे मान्य केले होते. निवड समितीचे दोन सदस्य फक्त अंतिम सामना पाहायला येणार होते.

"रिकाम्या मैदानात चांगला खेळाडूसुद्धा सरावाला आल्यासारखा दिसतो," संचालक मला म्हणाले. "बघणाऱ्याला वाटायला पाहिजे की इथं काहीतरी चालू आहे."

म्हणून त्यांनी प्रेक्षक कार्ड काढले. सामना पाहिला की कार्डावर शिक्का. थोडे शिक्के झाले की कँटीनमध्ये नाश्ता, जास्त झाले की कॉलेजचा टी-शर्ट. मोठ्या शहरातल्या कॉलेजांत असे असते, हे त्यांनी मोबाइलवर पाहिले होते. कार्डे फिकट पिवळी होती आणि गावातल्याच प्रेसमध्ये छापली होती.

पहिल्या सामन्यांना मुले आली, शिक्का घेऊन गेली. मग संचालकांनी शिक्का सामन्याच्या शेवटी द्यायचे ठरवले. मग मुले शेवटी येऊ लागली. एकाच्या खिशातून मित्रांच्या कार्डांचा गठ्ठा निघाला. "ते येऊन राहिले सर, रस्त्यातच हायत," असे त्याने सांगितले. शेवटी संचालक सामना चालू असताना कधीही उठून पायऱ्यांवर फिरत आणि हजर असेल त्याला शिक्का देत. याचा परिणाम असा झाला की सगळे प्रेक्षक मैदान सोडून संचालकांकडे पाहत बसू लागले. ते चहा प्यायला उठले तरी पायऱ्यांवर हालचाल होई.

मी त्या दिवसांत पायऱ्यांच्या कडेला बसत असे. मागची दोन मुले बोलत होती.

"अबे, आपली टीम कोणती बे?"

"निळी."

"निळ्या तर दोन्ही हायत."

"मग जी हारंल ती आपली."

पण हळूहळू काही बदलले, हे नोंदवले पाहिजे. वसतिगृहातल्या मुली शिक्क्याशिवायही बसू लागल्या. काहींना नियम कळू लागले. खो कधी चुकला, हे पंचांच्या शिट्टीआधी पायऱ्यांवरून ओरडून सांगणारे दोघे-तिघे तयार झाले. उपांत्य सामन्यात कर्णधार शेवटपर्यंत नाबाद राहिली तेव्हा जो आवाज झाला तो कँटीनपर्यंत ऐकू आला. सामना संपल्यावर संचालकांनी तिला विचारले, गर्दीने काही फरक पडतो का.

"कार्डवाले हायत सर ते," ती म्हणाली. बुटांच्या नाड्या सोडत होती. "पण वरडतात तर खरं. वरडलं की पाय हलके व्हतात."

त्यानंतर समितीची बैठक झाली. अंतिम सामन्याला गर्दी कशी वाढवायची हा विषय होता. संचालकांनी आणखी टी-शर्ट मागितले. विभागप्रमुखांनी चष्मा काढून टेबलावर ठेवला.

"कार्ड-बिर्ड ठीक आहे," ते म्हणाले. "पण आपल्या माणसाला वस्तू लागत नाही, मान लागतो. टी-शर्ट दोन धुण्यांत जातो. चार लोकांत अंगावर शाल पडली की माणूस जन्मभर विसरत नाही. उत्कृष्ट प्रेक्षकाचा सत्कार करू."

"सामना संपल्यावर करू, सर," संचालक म्हणाले.

"संपल्यावर थांबतं कोण? बस धरायला पळतात सगळे. आधी करू. दहा मिनिटं."

हे खरे होते, संपल्यावर कोणी थांबत नसे. मी मध्यंतरात करावे असे सुचवले. मध्यंतर फार लहान असते, असे ठरले.

बातमीदारीत माझे आयुष्य सत्कारांत गेले आहे. सत्काराची एक रीत असते आणि ती कोणी एक माणूस ठरवत नाही. सत्काराला कोणाचे तरी हस्ते लागते. ते प्राचार्यांचे असेल तर संस्थेच्या सचिवांना का वगळले, असा प्रश्न येतो. सचिव येणार म्हटल्यावर मंच लागतो. मंच आला की प्रतिमापूजन, स्वागतगीत, प्रास्ताविक. पाहुण्यांसमोर फक्त विद्यार्थ्याचा सत्कार कसा करायचा, म्हणून आधी पाहुण्यांचा. निवड समितीचे सदस्य येणारच आहेत, तर त्यांना खाली खुर्चीवर कसे बसवायचे? दोन दिवसांत हे सगळे आपोआप जमून आले. यात कोणाचाही हेतू वाईट नव्हता. बॅनरवर सचिवांचा फोटो मोठा होता, प्राचार्यांचा मध्यम, आणि खाली एका ओळीत खो-खो हा शब्द होता.

अंतिम सामना दुपारी होता. दिवस थंडीचे, म्हणजे लहान. मैदानावर दिवे नाहीत. पायऱ्या भरल्या होत्या, मागे भिंतीवरही मुले बसली होती. सत्कार कोणाचा होणार हे गुपित ठेवल्यामुळे ज्यांच्या कार्डांवर शिक्के होते ते सगळे आले होते, आणि त्यांचे मित्र मोबाइल घेऊन. दोन्ही संघ अंग गरम करून तयार होते. सचिव शिरड शहापूरला एका लग्नात होते. निघाले, असा फोन आला. थोड्या वेळाने पुन्हा निघाले, असा फोन आला.

तबक धरायला कोण, हा प्रश्न मंचाखाली निघाला. शाली, नारळ, गुच्छ असलेले तबक घेऊन मंचावर कोणी मुलगी उभी राहते, ही रीत. नेहमीच्या मुली स्वागतगीतात होत्या. विभागप्रमुखांनी मैदानाकडे पाहिले.

"आपली कर्णधारच राहू दे की," ते म्हणाले. "शोभून दिसेल. तिचाही मान होईल."

संचालक म्हणाले, "सर, ती वॉर्म अप करून राहिली."

"दहा मिनिटांचं काम आहे हो."

ती ट्रॅकसूटची पँट चढवून मंचावर आली आणि तबक घेऊन कोपऱ्यात उभी राहिली. सचिव आले. प्रतिमापूजन झाले. स्वागतगीत झाले. सचिव, प्राचार्य, निवड समितीचे दोन्ही सदस्य, पाहुण्या संघाचे प्रशिक्षक, पंच आणि पत्रकार म्हणून मी, असे सत्कार झाले. प्रत्येक वेळी ती दोन पावले पुढे येई, तबक खाली करी, आणि मागे जाई. मधून मधून ती एका पायाची टाच उचलून घोटा फिरवत होती. मग दुसऱ्या पायाची. पाहुण्या संघाचे प्रशिक्षक शाल अंगावर घेऊन माझ्या शेजारी बसले होते. "आमच्या पोरी गार पडून राहिल्या," ते हळू आवाजात म्हणाले. "तुमच्याकडं खेळ आधी असतो का हे?"

मग उत्कृष्ट प्रेक्षकाचे नाव जाहीर झाले. एक सडपातळ मुलगा बनियनवर टी-शर्ट घालत मंचावर आला. तो पोलीस भरतीची तयारी करत होता आणि रोज दुपारी मैदानाच्या कडेने धावत असे. संचालक शिक्के द्यायला फिरत तेव्हा तो दर वेळी समोरून येई, म्हणून त्याचे शिक्के सर्वांत जास्त झाले होते. त्याला शाल घातली, नारळ दिला आणि मनोगत व्यक्त करायला सांगितले.

त्याने माइक दोन्ही हातांनी धरला. "मला खो-खोचं काही माहीत न्हाई," तो म्हणाला. "मी पळायला येतो. सरांनी शिक्का दिला, मी घेतला. धन्यवाद."

पायऱ्यांवर मोठा हशा झाला. कर्णधारही हसली. सूत्रसंचालकाने त्याच्या प्रामाणिकपणाचे कौतुक केले आणि सचिवांना मार्गदर्शनाची विनंती केली. सचिव तरुणपणी कबड्डी खेळत. त्यांनी ते सांगितले. नंतर समाजाला खेळाडूइतकीच प्रेक्षकाची गरज आहे, असे ते म्हणाले, आणि त्यासाठी अनेक उदाहरणे दिली.

सामना सुरू झाला तेव्हा सूर्य पलीकडच्या निंबाच्या शेंड्याला आला होता. आमच्या मुलींनी आधी पाठलाग केला. गुण बरे मिळाले. मग पळतीची पाळी आली आणि कर्णधार पहिल्या तुकडीत उतरली. त्याच वेळी सचिव उठले. त्यांना पुढे जायचे होते. प्राचार्य म्हणाले, चहा घेतल्याशिवाय कसे जाता. सचिवांनी निवड समितीच्या सदस्यांकडे पाहिले.

"चला साहेब, तुमीबी."

"सामना चालू आहे," दोघांतले वडीलधारे म्हणाले.

"अहो, खेळ काय पळून जातो व्हय? पाच मिनिटं."

पाहुण्याने चहाला नाही म्हणणे आमच्याकडे अवघड आहे. संस्थेच्या सचिवांना नाही म्हणणे त्याहून अवघड. ते दोघे शाली सावरत प्राचार्यांच्या केबिनकडे गेले. मी मंचावरच राहिलो, म्हणून पुढचे स्वतः पाहिलेले सांगतो.

ती सुरुवातीला जड पळाली. एकदा हाताच्या अंतरावरून सुटली. मग तिचे अंग मोकळे झाले. बसलेल्या मुलींच्या रांगेतून ती आत-बाहेर जात राहिली, खांबापर्यंत ओढून नेऊन शेवटच्या क्षणी वळत राहिली. पाठलाग करणारीच्या डोळ्यांवर समोरचे ऊन येईल अशा बाजूला ती तिला नेत होती. हे मला आधी कळले नाही, शेजारच्या प्रशिक्षकांनी दाखवले. तुकडीतल्या बाकीच्या दोघी बाद झाल्या, दुसरी तुकडी रेषेबाहेर वाट पाहत उभी राहिली, ही राहिलीच. बसची वेळ झालेली मुले फाटकापर्यंत जाऊन उभी राहिली, पाठीवर बॅगा, तोंडे मैदानाकडे. संचालक शिक्का खिशात ठेवून विसरले होते आणि कोणी त्यांना मागतही नव्हते. पाळी संपल्याची शिट्टी झाली तेव्हा ती नाबाद होती. पोलीस भरतीवाला मुलगा शाल डोक्याभोवती फिरवत होता.

संचालक केबिनकडे पळत गेले होते. ते दोघांना घेऊन परत आले तेव्हा दुसऱ्या डावातला आमचा पाठलाग सुरू होता. तोही पूर्ण झाला नाही. चुना आखलेल्या रेषा दिसेनाशा झाल्या. पंचांनी दोन्ही प्रशिक्षकांना बोलावले आणि पहिल्या डावाच्या गुणांवर निकाल मान्य झाला. आमचा संघ जिंकला. फाटकातली मुले बसकडे पळाली.

संचालक वडीलधाऱ्या सदस्यांना बाजूला घेऊन बोलले. मी जवळच होतो.

"गुणतक्ता बघा सर. नाबाद आहे. अख्खी पाळी."

"गुणतक्ता खोटा आहे असं मी म्हणत नाही," ते म्हणाले. त्यांचा आवाज खरोखर ओशाळलेला होता. "पण तक्त्यावरून निवड केली तर उद्या प्रत्येक कॉलेज तक्ता घेऊन येईल. तुमच्या मुलीला मी तबक धरताना पाहिलं. पळताना नाही पाहिलं. काय लिहू?"

संचालकांनी गुणतक्त्याची घडी घातली. न पाहिलेले लिहू नये, हे मी वर्गात शिकवत होतो.

निवड यादी आठवड्याभराने आली. आमच्या कॉलेजची एक मुलगी तीत होती. शेवटच्या पाठलागात जिने खांबाजवळ झेप घेऊन गडी टिपला होता, ती. ते त्यांनी पाहिले होते. कर्णधार नव्हती, राखीवमध्येही नाही.

बातमी मी लिहिली होती. पहिल्या परिच्छेदात निकाल आणि नाबाद पळती. छापून आला तो सत्काराचा फोटो, खाली मान्यवरांची नावे. निकाल आणि पळती डेस्कने शेवटच्या दोन ओळींत नेली आणि मग त्या दोन ओळीही कापल्या. पानावर जागा नव्हती, असे डेस्कवरून सांगण्यात आले. हे उत्तर मला पाठ होते. प्राचार्यांनी कात्रण फलकावर लावले. उपक्रम यशस्वी झाला असून पुढच्या वर्षी मुलांमधून एक आणि मुलींमधून एक, असे दोन उत्कृष्ट प्रेक्षक निवडावेत, असे समितीच्या बैठकीत ठरले. संचालक बैठकीला होते. त्यांनी सही केली.

पुढच्या रविवारी ते मला म्हणाले, साखऱ्याला जायचे आहे, येता का. आम्ही त्यांच्या मोटारसायकलवर गेलो. तुरीची कापणी चालू होती, रस्त्याच्या दोन्ही बाजूंना पेंढ्या उभ्या होत्या. मुलीचे वडील खळ्यावर भेटले. साधारण आमच्याच वयाचे, बोलणे शांत. त्यांनी पोते झटकून आम्हाला बसायला दिले.

संचालकांनी काय घडले ते सगळे सांगितले. सत्कार, उशीर, चहा. काही लपवले नाही. वडिलांनी मध्ये अडवले नाही.

"बघायला माणसं व्हती का सर?" त्यांनी शेवटी विचारले.

"होती, भाऊ. मैदान भरलं होतं."

"अन् माही पोरगी चांगली पळाली, हे सगळ्यांनी पाह्यलं."

"सगळ्यांनी."

"मग त्यातल्या कोणीबी त्या साहेबांना जाऊन सांगितलं न्हाई?"

"सांगून चालत नाही, भाऊ. त्यांनी स्वतः बघावं लागतं."

"बराबर हाय," वडील म्हणाले. त्यांनी तुरीची एक शेंग चुरगाळली आणि दाणे तळहातावर पाहिले. "त्यांचंबी बराबर हाय. मंग भरलेल्या मैदानाचा उपेग काय झाला?"

संचालक म्हणाले, आणखी एक वर्ष द्या. पुढच्या वर्षी सामना आपल्या कॉलेजात नसेल, मी स्वतः घेऊन जाईन, स्वतः आणून सोडीन.

"सर, तुमच्यावर माहा भरोसा हाय," वडील म्हणाले. "पण निवड झाली असती तर मी माहा शब्द पाळला असता. भावकीत कोणी काही बोललं असतं तरी पाठवलं असतं. आता तिचा शब्द हाय. तिलाच विचारा."

ती पेंढ्या वाहून आणत होती. ओढणी डोक्याला घट्ट बांधलेली. पेंढी खाली ठेवून ती आली आणि उभ्याउभ्याच बोलली. संचालकांनी तिला विचारले. तिने वडिलांकडे पाहिले नाही, आमच्याकडेही नाही. खळ्याच्या कडेला कुठेतरी पाहत होती.

"शब्द दिला व्हता सर. पाळते."

"राग आला असेल."

"आला ना. पण कोणावर करू? तबक कोणीतरी धरायलाच पाहिजे व्हतं."

तिने ओढणीची गाठ आवळली. मग तिनेच विचारले, तिच्या जागी पहिल्या तुकडीत कोण उतरणार. संचालकांनी पहिल्या वर्षातल्या एका मुलीबद्दल सांगितले.

"ती पळते चांगली," ती म्हणाली. "पण घाबरली की उजवीकडंच वळते. दर बारीला उजवीकडं. समोरच्याच्या ध्यानात आलं की लगेच बाद. तिला डावीकडं वळवून वळवून पळवा, सर. आतापासून सुरू केलं तर पुढल्या वर्षापर्यंत जमंल."

"हो," संचालक म्हणाले.

"अन् गार पडू देऊ नका."

ती पुन्हा पेंढ्यांकडे गेली. आम्ही उठलो.